फर्माईश : मागणाऱ्याचा हक्क आणि गाणाऱ्याचा धर्म

आवडत्या गवयानें काय गावें हें त्याला सुचविण्याची हौस श्रोत्यांमध्यें फार जुनी आहे. नाट्यगृहांतील 'वन्स मोअर', मैफलींत पुढच्या रांगेपर्यंत सरकत जाणारी चिठ्ठी आणि आकाशवाणीच्या केंद्राकडे धाडलेलें पत्र, हीं त्या एकाच हौसेचीं तीन रूपें होत. ख्यालियानें ख्याल गावा, कीर्तनकारानें अभंग म्हणावा आणि नटानें पद म्हणावें, ही वांटणी कायम राहिली असती तर अशा सूचनांना फारसें महत्त्व आलें नसतें. परंतु जो गायक एका प्रकारांत नांव मिळवून दुसऱ्या प्रकारांत पाऊल टाकतो, त्याच्यापाशीं श्रोत्यांच्या मागण्या एकमेकींशीं भांडूं लागतात. एकाला त्याच्याकडून दरबारी हवा असतो, दुसऱ्याला अभंग हवा असतो, तिसऱ्याला चित्रपटांतील गीत हवें असतें. अशा वेळीं कोणीं काय मागावें आणि गायकानें त्यांतलें काय मानावें, हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न उरत नाहीं. कोणतें गाणें पुढच्या पिढीच्या कानीं पडणार आणि कोणतें विस्मरणांत जाणार, हें कांहीं अंशीं त्यावर ठरतें.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा टापू फार सोयीचा आहे. बाहेरच्या माणसाला येथें प्रथम दिसतात ते कारखाने. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स स्थापन झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आल्यावर भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथें यंत्रांची घरघर वाढली. पुढें चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने आले. परंतु ह्याच टापूच्या एका अंगास देहू आहे, दुसऱ्या अंगास आळंदी आहे आणि दोन्ही क्षेत्रांचे पाय धुणारी इंद्रायणी मधून वाहते. तुकोबांची पालखी देहूहून निघाली कीं तिचा मुक्काम आकुर्डीस पडतो. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे हे मूळचे चाकणचे, असें परंपरा सांगते. अभंगाच्या इतिहासांत श्रोत्याचें काम केवळ कान देण्याचें कधींच नव्हतें. जें आवडलें तें त्यानें टिपलें, जपलें आणि पुन्हां पुन्हां म्हणवून घेतलें; म्हणून तें टिकलें.

ह्याच नदीच्या नांवानें सुरू होणाऱ्या एका गीताची हकीकत येथें उद्बोधक ठरेल. १९५३ सालीं पु. ल. देशपांडे यांचा 'गुळाचा गणपती' हा चित्रपट निघाला. त्यांतील 'इंद्रायणी काठी' हें गीत ग. दि. माडगूळकरांनीं लिहिलें, चाल पु. लं.नीं लाविली आणि गायिलें भीमसेन जोशी यांनीं. गीत चित्रपटाचें, कवि विसाव्या शतकांतला. परंतु रचनेचें वळण आणि आळंदीचा विषय असा कीं पुष्कळ भाविक त्याला एखाद्या संताचाच अभंग समजून चालतात. चित्रपट मागें पडला आणि गीत मैफलींत शिरलें. दोन-दोन तास ख्याल ऐकून तृप्त झालेला श्रोताहि अखेरीस त्याची मागणी करूं लागला.

भीमसेनांचें हें सीमोल्लंघन एकाकी नव्हतें. त्यांच्या गुरुपरंपरेंतच तें होतें. अब्दुल करीम खां (१८७२–१९३७) यांनीं ख्याल आणि ठुमरी यांच्याबरोबर मराठी नाट्यपदें ध्वनिमुद्रित केलीं, इतकेंच नव्हे तर त्यागराजांची कृतीहि आपल्या गळ्यांतून उतरविली. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व हे मराठी रंगभूमीवर गाजलेले गायक-नट. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन, जन्मानें गदगचे, कन्नड भाषिक. राम फाटक यांनीं चाल लाविलेला नामदेवांचा 'तीर्थ विठ्ठल' त्यांच्या कंठांतून घराघरांत पोंचला. पुढें 'संतवाणी' हा स्वतंत्र कार्यक्रमच उभा राहिला आणि श्रीनिवास खळे यांच्या चालींनीं त्यांत भर घातली. कर्नाटकांत त्यांच्याकडे हीच मागणी पुरंदरदासांच्या पदांसाठीं होई. एकाच गायकाकडे दोन प्रांतांनीं आपापल्या संतांची वाणी मागावी, ह्यांत गायकाचा गौरव आहे तसा मागणाऱ्यांचाहि आहे. कामासाठीं गांव सोडून पिंपरीच्या वसाहतींत आलेल्या माणसाला ख्यालाची वाट अपरिचित असली तरी अभंगाचे शब्द पाठ होते. त्या शब्दांचा हात धरून पुष्कळ कुटुंबें रागसंगीताच्या उंबऱ्यापर्यंत आलीं.

नभोवाणीनें ह्या मागणीला संस्थेचें रूप दिलें. १९५३ सालीं पुणें केंद्र सुरू झालें. त्याच केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून माडगूळकर आणि सुधीर फडके यांचें 'गीतरामायण' दर आठवड्यास प्रसारित झालें. त्यांतील ५६ गीतें अनेक गायकांनीं वांटून गायिलीं होतीं. नंतर लोकांनीं तीं एकट्या फडक्यांच्या मुखांतून वर्षानुवर्षें ऐकलीं. 'आपली आवड' सारख्या कार्यक्रमांनीं पत्र लिहिणाऱ्याचें नांव गीताच्या आधीं उच्चारून त्याला क्षणभर मान दिला. श्रोत्यांची आवड डावलली तर काय होतें, हेंहि त्याच दशकानें दाखविलें. १९५२ नंतर आकाशवाणीनें चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केलें, तेव्हां श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारती सुरू करून सरकारी नभोवाणीला त्यांना परत बोलवावें लागलें.

इतकी शक्ति ज्या मागणीच्या अंगीं आहे, ती कशी वापरावी हें कळण्यास गाण्याच्या कांहीं व्यावहारिक अडचणी समजून घेतल्या पाहिजेत. पहिली अडचण स्वराची. चाल बांधणारा ती एका विशिष्ट गळ्याची उंची आणि खोली मोजून बांधतो. दुसऱ्या गायकानें तीच चाल आपल्या पट्टींत घेतली कीं कधीं वरचा षड्ज ताणून धरावा लागतो, कधीं खालचे स्वर घशांत बुडतात. साथीचा तबला एका स्वरांत मिळविलेला असतो. पट्टी बदलावयाची म्हणजे तबलाहि बदलावयाचा.

दुसरी अडचण वेळेची. रात्रीं दहा वाजतां तोडी मागणें हें प्रघाताला सोडून आहे, आणि भैरवी आरंभींच मागणें म्हणजे मैफल संपवा असें सांगणें, कारण भैरवीनंतर दुसरा राग न गाण्याची चाल आहे.

तिसरी अडचण शब्दांची. मोठ्या अभंगांत पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो. तो आखूड चरण संपतांच गायकाला मोकळी जागा मिळते. तेथें आलाप घेऊन तो समेवर येऊं शकतो. म्हणून अभंग ख्यालियाच्या हातीं सहज फुलतो. याउलट ज्या भावगीताची प्रत्येक मात्रा कवीनें शब्दांनीं भरून टाकली आहे, तेथें त्याच गायकाला श्वास घ्यावयासहि जागा उरत नाहीं. तें गीत लहान ठरत नाहीं. त्याला निराळा गळा हवा असतो. जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटें मिळत. तेवढ्यांत जें गाणें पूर्ण होत असे, त्याला अर्धा तास ताणण्याची मागणी करण्यापूर्वीं श्रोत्यानें विचार करावा हें बरें.

चौथी अडचण मैफलीपेक्षां ध्वनिमुद्रणाच्या वेळीं आड येते, ती हक्काची. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत. परंतु त्यांना लाविलेली नवी चाल ही संगीतकाराची असते. भारतीय कायद्यान्वयें गीत आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें टिकतो. माडगूळकर १९७७ सालीं आणि पु. ल. २००० सालीं निवर्तले. तेव्हां १९५३ च्या त्या गीताचे शब्द २०३७ अखेर आणि चाल २०६० अखेर संरक्षित आहेत. दुसऱ्या गायकानें तें पुन्हां मुद्रित करावें अशी इच्छा असेल तर परवानगी घ्यावी लागते, किंवा पहिल्या मुद्रणानंतर पांच वर्षें लोटलीं असल्यास कायद्यानें ठरविलेल्या रीतीनें पूर्वसूचना देऊन आणि मोबदला भरून तें करतां येतें. गायक 'हो' म्हणाला तरी मुद्रिका लगेच कां निघत नाहीं, ह्याचें उत्तर पुष्कळदां येथें सांपडतें.

ह्या अडचणी दूर करतां येतात. खरा धोका निराळा आहे. लोकप्रिय गाण्याची मागणी इतकी सक्तीची होते कीं गायक त्या एका गाण्याचा कैदी बनतो. बालगंधर्वांच्या नाटकांत 'वन्स मोअर' घेतां घेतां प्रयोग पहाटेपर्यंत चालत. त्या रात्रींचा आनंद खोटा नव्हता, पण कथानक मात्र पदांच्या मागें पांगळें होऊन चाले. आजहि ज्या गायकानें नवी बंदिश महिनोन् महिने घोटलेली आहे, त्याला ती बाजूस ठेवून वीस वर्षांपूर्वींचेंच गाणें म्हणावें लागलें तर नुकसान त्याच्या एकट्याचें होत नाहीं. नवी बंदिश ऐकणाराच कोणी उरला नाहीं तर तिची फर्माईश उद्यां कोण करणार?

म्हणून मोठ्या कलावंतांनीं ह्या बाबतींत आपापली सीमा आंखलेली दिसते. किशोरी आमोणकरांनीं १९६४ च्या 'गीत गाया पत्थरों ने' ह्या चित्रपटासाठीं गायिलें. त्यानंतर त्या दीर्घ काळ पार्श्वगायनापासून दूर राहिल्या. अभंग आणि मीरेचीं भजनें मात्र त्यांनीं मन लावून मुद्रित केलीं. सीमा ओलांडावी कीं नाहीं, ह्यापेक्षां कोणती ओलांडावी हें त्यांनीं स्वतः ठरविलें. कुमार गंधर्वांनीं माळव्यांत कानीं पडलेलीं निर्गुणी भजनें मैफलींत आणिलीं. तीं आणण्यापूर्वीं तीं त्यांच्याकडून कोण मागणार होतें? त्याच कुमारांनीं बालगंधर्वांचीं पदें घेऊन 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला. पदें लोकांच्या आवडीचीं, पण शीर्षकांतला 'मला उमजलेले' हा शब्द महत्त्वाचा. नक्कल मागणाऱ्याला त्यांनीं आपलें चिंतन दिलें.

मागणी आणि निर्मिति यांचा मेळ बसला म्हणजे काय घडतें, ह्याचें अलीकडील उदाहरण 'कट्यार काळजांत घुसली' हें आहे. जितेंद्र अभिषेकी यांचें संगीत आणि वसंतराव देशपांडे यांची भूमिका असलेलें हें नाटक १९६७ सालीं आलें. २०१५ सालीं त्याचा चित्रपट निघाला. जुन्या पदांबरोबर नवीं गीतें त्यांत आलीं आणि त्यांतील एका गीतासाठीं महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जुन्याची भूक भागवितांना नव्यालाहि पान वाढलें गेलें.

तेव्हां सुज्ञ फर्माईश कशी असावी? गळा ओळखून, वेळ पाहून, आणि शक्य तर जें वारंवार ऐकलेलें नाहीं असें सुचवून. "तेंच पुन्हां गा" असें म्हणण्यापेक्षां "ह्या संताचा दुसरा एखादा अभंग आपल्या गळ्यांत शोभेल" असें म्हणणाऱ्यानें गायकाला काम दिलें आणि मानहि दिला. गाथेंत हजारो अभंग आहेत. त्यांतले मैफलींत फिरतात ते फार थोडे. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहांत किंवा भोसरीच्या अंकुशराव लांडगे नाट्यगृहांत बसणाऱ्या श्रोत्याच्या घरापासून देहू कांहीं मैलांवर आहे. कोणता अभंग अजून सुरांची वाट पाहत आहे, हें सांगण्याचा अधिकार त्याच्याइतका दुसऱ्या कोणाचा असणार? मात्र तेवढें सांगून झाल्यावर त्यानें शांतपणें बसावें, आणि त्याचें काय करावयाचें तें तंबोऱ्यापुढें बसलेल्या माणसावर सोपवावें.