पेढीचा हिशेब उघडत नाही तेव्हा

महिन्याची ९ तारीख होती. आदल्या संध्याकाळी अचानक वीज गेली. यूपीएसची बॅटरी कित्येक महिन्यांपासून निकामी झालेली होती, त्यामुळे बिलाची नोंद चालू असतानाच संगणक बंद पडला. सकाळी मुनीमजींनी टॅली सुरू केली. यादीत आमच्या भांड्यांच्या पेढीचे नाव दिसत होते. परंतु ते निवडताच त्रुटीचा संदेश येई आणि पडदा पुन्हा यादीवर जाई. तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा तेच घडले. ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ भरायचा होता आणि दुकानात गिऱ्हाइके उभी होती.

"काका, पेन ड्राइव्हवर बॅकअप आहे. दोन मिनिटांत सुरू करून देतो," पुतण्या म्हणाला. त्याने शब्द पाळला. दोन मिनिटांत पेढी उघडली. सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. मुनीमजींनी मात्र शेवटचे बिल पाहिले आणि ते गप्प झाले. तो बॅकअप मागील महिन्याच्या १८ तारखेचा होता. तो त्याच फोल्डरमध्ये उतरवल्यामुळे न उघडणारी फाइल पुसली गेली होती आणि तिच्या जागी जुनी फाइल बसली होती. सुमारे तीन आठवड्यांचा हिशेब नाहीसा झाला.

दुपारी आलेल्या जाणकाराने एकच प्रश्न विचारला, "जी फाइल उघडत नव्हती, तिची प्रत ठेवली होती का?" ती ठेवली नव्हती. फाइल दुरुस्त झाली असती की नाही, हे आता आम्हांला कधीच कळणार नाही. वीज जाण्याने झालेल्या नुकसानीपेक्षा आमच्या घाईने झालेले नुकसान अधिक होते. आपल्या व्यापारी कुटुंबांपैकी कोणावरही अशी वेळ येऊ शकते, म्हणून त्या दिवसानंतर जे शिकलो ते येथे सांगत आहे.

फाइल म्हणजे नेमके काय?

किर्द आणि खतावणी कागदावर होत्या तेव्हा एखादे पान भिजले तर तेवढेच पान जाई. संगणकावर तसे नसते. टॅलीमध्ये प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र फोल्डर असतो आणि त्याला '१००००' यासारखा पाच किंवा सहा आकडी क्रमांक असतो. त्या फोल्डरमधील अनेक फाइली मिळून आपला हिशेब होतो: खाती, व्यवहार, मालाचा साठा, सर्व एकमेकांशी जोडलेले. त्यांतील एखादी फाइल अर्धवट लिहिली गेली, तरी सगळी पेढी उघडेनाशी होऊ शकते.

येथे आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. टॅली हा कार्यक्रम वेगळा आणि आपला हिशेब वेगळा. म्हणून टॅली काढून पुन्हा बसवल्याने बिघडलेला हिशेब दुरुस्त होत नाही. उलट त्या खटाटोपात हिशेबाचा फोल्डरच चुकून पुसला जाण्याची भीती असते.

सर्वप्रथम प्रत

फाइल उघडत नाही असे दिसताच दुकानातील सर्व संगणकांवरची टॅली बंद करावी. कंपनीच्या क्रमांकाचा संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा आणि त्याला तारीख घालून 'मूळ – हात लावू नये' असे नाव द्यावे. पुढचे सर्व प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत. प्रत घेतानाच त्रुटी येत असेल किंवा डिस्कमधून खटखट आवाज येत असेल, तर संगणक बंद करून डिस्क जाणकाराच्या हाती द्यावी. अशा डिस्कवर पुनःपुन्हा प्रयत्न केल्याने उरलेलेही जाऊ शकते.

मग कारण शोधावे

फाइल न उघडण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांतील बऱ्याच कारणांत हिशेब सुरक्षित असतो. म्हणून सोप्या कारणांपासून सुरुवात करावी.

१. यादीत पेढीचे नावच नसेल, तर कंपनी निवडण्याच्या पडद्यावर दिसणारा डेटा पाथ पाहावा. संगणकात नवी डिस्क बसवली की कधीकधी 'डी' ड्राइव्हचा 'ई' होतो आणि टॅली जुन्याच जागी शोधत राहते. योग्य मार्ग दाखवताच पेढी पुन्हा दिसते.

२. नावाच्या जागी नुसत्या फुल्या दिसत असतील, तर त्या कंपनीला टॅलीव्हॉल्टचे कुलूप आहे. त्यासाठी पासवर्डच हवा. तो विसरल्यास परत मिळवण्याची सोय नाही. म्हणून हा पासवर्ड लिहून घरच्या तिजोरीत ठेवावा. तो एकाच माणसाच्या स्मरणावर सोडू नये.

३. मुख्य संगणकावर पेढी उघडते पण गल्ल्यावरच्या संगणकावर उघडत नाही, असे असेल तर दोष हिशेबाचा नव्हे, जोडणीचा आहे. मुख्य संगणक चालू आहे का, तार सैल झाली आहे का, फोल्डर वापरण्याची परवानगी बदलली आहे का, हे पाहावे.

४. नव्या आवृत्तीत उघडलेला हिशेब जुन्या आवृत्तीत उघडत नाही. ईआरपी ९ मधील फाइलींच्या नावाच्या शेवटी ९०० असते, तर टॅली प्राइममध्ये १८००. घरी एक आवृत्ती आणि दुकानात दुसरी असेल, तर घोटाळा ठरलेलाच.

५. डिस्क भरली असेल, तर जागा मोकळी करावी. अँटिव्हायरसने एखादी फाइल अडकवून ठेवली असेल, तर त्याची नोंदवही तपासावी.

६. सर्व फाइलींच्या नावापुढे अनोळखी अक्षरे जोडलेली दिसली आणि खंडणी मागणारा मजकूर आढळला, तर तो रॅन्समवेअरचा हल्ला होय. इंटरनेट आणि जाळ्याची तार ताबडतोब काढावी. बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्या संगणकाला मुळीच लावू नये, कारण तोही बाधित होतो.

ही सर्व कारणे बाजूला पडली, तरच फाइल बिघडली आहे असे मानावे. त्यासाठी टॅली प्राइममध्ये 'रिपेअर', तर ईआरपी ९ मध्ये 'रीराइट' ही सोय आहे. ती प्रतीवरच वापरावी. दुरुस्तीनंतर पेढी उघडली म्हणजे काम संपले असे नाही. शेवटचे बिल कोणत्या क्रमांकाचे, बँकेची शिल्लक खात्याच्या उताऱ्याशी जुळते का, ताळेबंद आणि साठा पूर्वीसारखा दिसतो का, हे पडताळून पाहावे.

बॅकअप उतरवताना

दुरुस्ती झाली नाही, तरच बॅकअपकडे वळावे. आमची चूक नेमकी येथे झाली. बॅकअप नेहमी नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवावा. जुन्या फोल्डरमध्ये त्याच क्रमांकाची कंपनी असेल, तर टॅली तिच्यावरच नवी प्रत लिहिते. त्या वेळी पडद्यावर येणारा इशारा न वाचता 'हो' म्हणण्याची आपल्याला सवय झालेली असते.

हरवलेला हिशेब जुळवताना

आम्ही दोन रात्री जागलो. छापील बिलांच्या स्थळप्रती होत्या. त्यांवरून विक्री पुन्हा लिहिली आणि ई-वे बिलांच्या यादीशी ताडून पाहिली. ज्यांना ई-इन्व्हॉइस लागू आहे, त्यांना पोर्टलवरूनही बिलांची माहिती मिळते. धनादेश आणि ऑनलाइन रकमा बँकेच्या उताऱ्यावरून मिळाल्या. खरेदीची बिले जुळवायला १४ तारखेला आलेला जीएसटीआर-२बी उपयोगी पडला. विवरणपत्र ११ तारखेलाच, रात्री उशिरा भरले गेले.

रोखीच्या जमेची नोंद मात्र कोणत्याच पोर्टलवर नसते. तेथे मुनीमजींचा हाताने लिहिलेला रोजमेळ धावून आला. "संगणक असताना ही वही कशाला?" असे आम्हीच त्यांना अनेकदा म्हटले होते. तरीही एक रक्कम सुटली. महिन्याभराने आम्ही एका खेड्यातील जुन्या दुकानदाराला बाकी कळवली. तो स्वतः पेढीवर आला आणि त्याने आमच्याच शिक्क्याची पावती गादीवर ठेवली. वडिलांच्या काळापासूनचा तो व्यवहार. "शेठ, तुमच्या वहीत नसेल, माझ्या खिशात आहे," एवढेच तो म्हणाला. त्याच्यासमोर मान खाली घालण्याची वेळ आली. पैशाचा हिशेब दोन रात्रींत जुळला होता. पेढीची पत त्या पावतीपाशी उणी पडली.

कायदा आणि रोजचा नियम

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. कंपनी कायद्याखालील कंपन्यांसाठी ही मुदत ८ वर्षांची आहे, आणि संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना भारतातील सर्व्हरवर दररोज बॅकअप ठेवणेही बंधनकारक आहे. भागीदारीच्या आणि घरगुती पेढ्यांनीही ही शिस्त स्वतःहून पाळली, तर त्यांचाच लाभ आहे.

आमच्या पेढीत आता असा नियम आहे. दुकान वाढवण्यापूर्वी दररोज बॅकअप घेतला जातो. आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी वेगळा फोल्डर आहे, त्यामुळे आजची प्रत बिघडली तरी कालची हाताशी राहते. एक प्रत दुकानात, एक घरी आणि एक ऑनलाइन असते. मात्र चालू हिशेबाचा फोल्डर आपोआप सिंक होणाऱ्या जागी ठेवत नाही. तेथे केवळ पूर्ण झालेला बॅकअप जातो. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर, रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवून खरोखर उघडतो का, हे पाहिले जाते. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबणे म्हणजे न मोजता थैली तिजोरीत टाकण्यासारखेच आहे. यूपीएसची बॅटरी दर सहा महिन्यांनी तपासली जाते.

महिन्याची ही तपासणी पुतण्यानेच अंगावर घेतली आहे. त्याला कोणी दोष दिला नाही. कारण बॅकअप तीन आठवडे जुना राहू देण्याचा दोष आम्हां सर्वांचा होता. संध्याकाळी तो प्रत घेतो, मुनीमजी रोजमेळावरून रोखीची शिल्लक वाचून दाखवतात, दोन्ही आकडे जुळले की वहीत दोघांची सही होते आणि मगच शटर खाली ओढले जाते.