दुखणं थांबतं, बीपी चढतं

दिवसभर वाकून कोयता चालवायचा, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. लोणी देवकरच्या शिवारात ऊसतोडीच्या हंगामातलं हे रोजचं काम. संध्याकाळी कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक नाहीतर आयबुप्रोफेनची गोळी येते. चिठ्ठी कुणी मागत नाही, बीपी आहे का हेही कुणी विचारत नाही. खरं तर तेच आधी विचारायला हवं.

गोळीने सूज उतरते. उच्च रक्तदाबात रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही दाह असतो, मग त्याच गोळीने बीपी का उतरू नये? शंका रास्त आहे. वाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्यामुळे वाहिनी सैल राहते. दाह वाढला की सुपरऑक्साइडसारखे आक्रमक रेणू ते नष्ट करतात आणि वाहिनी आवळते. दाहात सामील असणाऱ्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) नसलेल्या उंदरांचं बीपी इतरांइतकं चढत नाही, हे 2007 मध्ये दिसलं. दाह शमवून या रेणूंना आवर घालणारं औषध बीपीवर चालेल, ही आशा त्यातूनच बळावली. माणसांत मात्र ती अजून फळलेली नाही. कॅनाकिनुमॅब या दाहशामक इंजेक्शनची चाचणी 10 हजारांहून अधिक हृदयरुग्णांवर झाली. हृदयविकाराचे झटके घटले, बीपी होतं तिथेच राहिलं.

मेडिकलमधल्या गोळीची गोष्ट तर उलटीच आहे. दुखणं थांबवताना ती प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलं रसायन रोखते आणि मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकायला तेच लागतं. मीठ अडतं, पाणी साठतं, दाब चढतो. 2017 च्या एका अभ्यासात चार महिने आयबुप्रोफेन घेणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांचा वरचा आकडा सरासरी 3.7 ने वाढला, सेलेकॉक्सिब ही दुसरी वेदनाशामक गोळी घेणाऱ्यांचा जवळपास जागेवरच राहिला. 3.7 ऐकायला किरकोळ वाटतं, पण आधीच काठावर असलेल्याला तेवढं पुरतं. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका दुणावतो: त्या औषधांचा असर घटतो आणि उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडावर तिहेरी मार बसतो. अशा माणसाने डॉक्टरांना दोन्हीकडच्या गोळ्या दाखवल्याशिवाय पुढची गोळी घेऊच नये.

पॅरासिटामॉल तरी निर्धोक असेल, असं वाटतं. अधूनमधून एखादी घेतली तर चिंता नाही. पण एडिंबराच्या संशोधकांनी बीपीच्या 110 रुग्णांना दोन आठवडे रोज 4 ग्रॅम दिलं, तेव्हा त्यांचाही वरचा आकडा सुमारे 5 ने चढला. हे निष्कर्ष 2022 चे आहेत.