गाडीचा टेप बंद पडलाय? आधी फ्यूज बघा, मग खिशात हात घाला

आजचा विषय आहे गाडीतला कंपनी फिटेड स्टिरिओ. तो बंद पडला तर घरच्या घरी काय करता येतं, आणि कुठे थांबायचं?

सुरुवात माझ्या गाढवपणापासून करतो. आमच्याकडे एक जुनी सेकंडहँड हॅचबॅक आहे. एके दिवशी तिचा स्टिरिओ अचानक गप्प झाला. लाइट नाही, आवाज नाही, काही नाही. त्याच दिवशी मोबाईल चार्जिंगचं सॉकेटही बंद पडलं होतं, पण मी म्हटलं, स्वस्तातला चार्जर, गेला असेल. स्टिरिओचं आयुष्य संपलं असं मीच ठरवलं, नवीन टचस्क्रीन मागवला आणि व्हिडिओ बघून बसवायला घेतला. जुना सेट? भंगारात.

गाडीचा मूळ कपलर कापला, वायरींना पीळ मारला, वरून टेप गुंडाळली. तरी नवीन सेट चालू होईना! मग कुठेतरी वाचलं की लाल आणि पिवळी वायर एकत्र जोडा. जोडली, आणि काय, स्क्रीन झळकली. मी खूश.

दोन दिवसांनी पहाटे बाबांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी न्यायचं होतं. चावी फिरवली तर नुसतं टक टक टक. बॅटरी ठार. बाबा शांतपणे म्हणाले, "अरे, तो टेप तू बंद केला होतास ना?" मी स्क्रीन काळी केली होती. सेट आतून चालूच होता. रिक्षा मिळाली म्हणून वेळ निभावली. नंतर आलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने एकच प्रश्न विचारला, "दादा, फ्यूज बघितला होता का?" चार्जिंग सॉकेट आणि स्टिरिओ एकाच फ्यूजवर होते. फ्यूज उडाला होता. म्हणजे भंगारात गेलेल्या सेटला काहीही झालेलं नव्हतं!

आधी लक्षण ओळखा

स्टिरिओ पूर्ण मेला असेल तर पहिला संशय फ्यूजवर. फ्यूज बॉक्स बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डखाली असतो, दुसरा बॉनेटमध्ये. कुठला फ्यूज कशाचा, ते झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. बऱ्याच सेटच्या पाठीमागेही एक फ्यूज असतो. पात्यासारख्या फ्यूजमध्ये लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०. जितक्याचा उडाला तितक्याचाच नवीन टाका. मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद अजिबात नको. फ्यूज वायर वाचवायला असतो. तो उडाला नाही तर वायर तापते, आणि आग तिथूनच लागते. नवीन फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग फ्यूज बदलत बसू नका.

सेट चालू होतो, पण घड्याळ आणि स्टेशनं रोज विसरतो? मग त्याला कायमची मिळणारी बॅटरी लाइन तुटली आहे.

एकाच दारातून आवाज नाही? आधी सेटिंगमध्ये बॅलन्स आणि फेडर बघा, हसू नका, अर्ध्या वेळा तेच असतं. नंतर दाराच्या बिजागरीजवळचं रबराचं नळकांडं तपासा. दार रोज उघडून-मिटून त्यातली वायर तुटते. सेटपासून सोडवलेल्या स्पीकरवर मल्टीमीटर लावला तर साधारण ३ ते ४ ओहम दिसायला हवेत. काहीच दाखवत नसेल तर स्पीकर गेला.

फक्त एफएमलाच खरखर? मग बहुतेक वेळा दोष सेटमध्ये नसून अँटेनात असतो. पावसाळ्यात छपरावरच्या अँटेनाच्या बुडात पाणी शिरतं, गंज धरतो. आणि सेट नुसता हँग झाला असेल तर टाचणीने दाबायचं रिसेटचं छिद्र शोधा.

दोन वायरींची गोष्ट

माझी चूक कशी झाली ते समजून घेऊया. स्टिरिओला १२ व्होल्ट दोन वाटांनी मिळतात. एक लाइन कायम चालू, तिच्यावर सेटची आठवण टिकते. बाजारातल्या सेटवर ती पिवळी असते. दुसरी चावी फिरवल्यावरच जिवंत होते, ती लाल. काळी म्हणजे अर्थिंग. लाल लाइन सेटला सांगते, मालक आलाय, जागा हो. मी लाल पिवळीला जोडली, म्हणजे मालक चोवीस तास गाडीतच बसलाय! सेट झोपणार कसा?

लक्षात ठेवा, हे रंग बाजारातल्या सेटचे आहेत. गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. म्हणून रंगावर विश्वास नको, मल्टीमीटरवर ठेवा. तो डीसी २० व्होल्टवर लावा, काळी सुई बॉडीच्या उघड्या लोखंडावर टेकवा. चावी काढलेली असताना जिथे १२ च्या आसपास आकडा येतो ती कायमची लाइन. चावी फिरवल्यावरच येतो ती दुसरी. दुसरीवर काहीच आलं नाही तर पुन्हा फ्यूजकडे जा.

बदलायचाच असेल तर

सगळं तपासलं आणि सेटच गेलाय हे नक्की झालं, तर खरेदीआधी माप घ्या. सिंगल डिनचं तोंड १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिनचं १८० बाय १००. तुमच्या मॉडेलची फ्रेम आणि कपलर वेगळे मिळतात, ते घ्याच. कपलर असला की गाडीची एकही वायर कापावी लागत नाही, आणि उद्या मूळ सेट परत बसवता येतो. स्टीअरिंगवरची बटणं नवीन सेटशी चालतील का, तेही आधीच विचारा. जपानहून आलेला जुना सेट स्वस्त मिळाला तर थांबा. तिथल्या जुन्या सेटचं एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झपर्यंतच असतं. आपली बहुतेक खासगी स्टेशनं ९१ च्या पुढे आहेत.

कामाला बसताना बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा आणि काही मिनिटं थांबा. पण त्याआधी बघा, जुना सेट परत बसवणार असाल तर तो कोड मागतो का. काही सेट बॅटरी काढली की लॉक होतात. कोड मॅन्युअलसोबतच्या कार्डवर असतो.

पॅनेल उघडायला प्लास्टिकची पट्टी वापरा, स्क्रू ड्रायव्हरने ओरखडे पडतात. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी किंवा पिवळे कपलर दिसले तर त्यांना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

जोड पीळ मारून नको. सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी, नाहीतर नीट दाबलेले क्रिंप. स्पीकरची मायनस वायर बॉडीला अर्थ करू नका, आजच्या सेटचा अ‍ॅम्प्लिफायर त्याने जळू शकतो. निळी वायर मोकळी राहिली आणि एफएम कमजोर झालं तर आठवा, अनेक गाड्यांत अँटेनाच्या बूस्टरला तिच्यातूनच करंट मिळतो.

सगळं आत ढकलायच्या आधी बॅटरी जोडून चालवून बघा. चारही स्पीकर वाजतात का? रात्री लाइट लावल्यावर स्क्रीन मंद होते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, चावी काढल्यावर सेट खरोखर झोपतो का?

कुठे थांबायचं

गाडी वॉरंटीत असेल तर थेट सर्व्हिस सेंटर. वायर कापलेली दिसली की इलेक्ट्रिकलचा क्लेम नाकारायला त्यांना कारण मिळतं. ज्या नव्या गाड्यांत एसी, कॅमेरा आणि सेटिंग सगळं त्याच स्क्रीनमध्ये आहे, तिथेही हौस नको. जळका वास आला, वायर गरम लागली, की बॅटरी सोडवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्यात कमीपणा काही नाही.

बाबांचं ऑपरेशन छान झालं. आता गाडीतून उतरताना ते न चुकता विचारतात, "टेप झोपला का रे?" आणि मी न चुकता चावी काढून स्क्रीनकडे बघतो.

तुमच्या गाडीच्या टेपने काय रंग दाखवले, व्हॉइस नोट पाठवून नक्की सांगा. भेटूया पुढच्या भागात!