पोटदुखी की परीक्षेची धास्ती?

दहावीतला मुलगा आजीबरोबर तिसऱ्यांदा दवाखान्यात आला. "डॉक्टरसाहेब, शाळंत जायचं म्हणलं की ह्याचं पोट दुखायलंय बघा." दोनदा मी गोळ्या देऊन पाठवले होते. या वेळी पोट नीट तपासले आणि शांतपणे विचारपूसही केली. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, त्यात बोर्डाची परीक्षा. दुखणे धास्तीचे होते.

इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाच्या सहकार्याने राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शाळांसाठी 'मित्र उपक्रम' आखला. त्यातले आनापान सोपे आहे. ताठ बसावे, डोळे मिटावे, नाकपुड्यांतून आत-बाहेर होणारा श्वास फक्त पाहावा. तो रोखू नये, लांबवू नये. मन भटकणारच, न रागावता परत आणावे. सकाळ-संध्याकाळ १० मिनिटे पुरेत.

मुलाला हेच शिकवले. आई-वडिलांशी रोज फोनवर बोलणे घडवा, असे आजीला सांगितले. महिन्याभरात शाळा बुडणे थांबले. पोट अजून अधूनमधून दुखते.

मात्र झोप उडाली, जेवण तुटले किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर केवळ ध्यानावर विसंबू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि पालकहो, मुलांना बसवण्याआधी स्वतः १० मिनिटे बसून पाहा.