एका बेटावरील पाखराचें नांव

हजेरीपटावरील मुलाचें आडनांव बदललें, तर शिक्षक जुनें खोडून नवें लिहितो; मुलगा मात्र तोच राहतो. आज ज्या पाखराविषयीं मी बोलणार आहें, त्याच्या नांवाची कथा अशीच आहे.

हिंदी महासागरांतील सेशेल्स बेटांवर एक वटवट्या राहतो. लांबी सुमारें 13 सेंटिमीटर, रंग हिरवट-तपकिरी, पण गळा गोड. 1877 सालीं उस्ताले या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञानें त्यास ‘सेशेलेन्सिस’, म्हणजे सेशेल्सचा, असें नांव दिलें. शास्त्रीय नांवांत पहिला शब्द वंशाचा, जणूं आडनांव. दुसरा त्या जातीचा स्वतःचा. या पाखराचा दुसरा शब्द टिकला. पहिला मात्र बदलत गेला.

रॉड्रिग्ज बेटावरील वटवट्यासह त्याला बराच काळ ‘बेब्रॉर्निस’ या निराळ्या वंशांत ठेवीत असत. बोरूंतील वटवटे पाणथळ जागीं राहतात. हा तर झाडांवर राहून पानांखालचे किडे टिपतो. परंतु बेटावर एकाकी राहिलेल्या पक्ष्याच्या संवयी पालटतात. केवळ त्यांवरून नातें ठरविणें फसवें. पुढें त्याचें गाणें, राहणी आणि अखेर डीएनए यांच्या तपासणीनें तो बोरूंतील वटवट्यांचाच आप्त ठरला. म्हणून आतां त्याचें नांव असें लिहितात: ॲक्रोसेफलस सेशेलेन्सिस (उस्ताले, 1877).

या कंसाकडे लक्ष द्यावें. प्रथम नांव देणाऱ्यानें जो वंश सांगितला तो पुढें बदलला, असें हा कंस सांगतो. वंश न बदलल्यास कंस नसतो. पहिल्या नामकर्त्याचा मान राखून झालेली दुरुस्तीहि नोंदविण्याची ही रीत मला फार आवडते.

मात्र ही तपासणी होण्यापूर्वींच हें पाखरू नाहींसें होण्याच्या बेतांत होतें. नारळाच्या लागवडीसाठीं मूळचें रान तोडलें गेलें आणि 1968 सालीं कझिन नांवाच्या एकाच चिमुकल्या बेटावर सुमारें 26 पक्षी उरले. त्याच वर्षीं तें बेट पक्षिरक्षणासाठीं विकत घेतलें गेलें. नारळी हटवून मूळचें रान पुन्हां वाढूं दिलें, पक्षीहि वाढले. 1988 सालीं 29 पक्षी आरीद बेटावर नेऊन सोडले, आणि तेथेंहि त्यांचा विस्तार झाला. तीं सव्वीस पाखरें गेलीं असतीं, तर संग्रहालयांतील पेंढा भरलेल्या कातड्यांपासून त्यांचें गाणें कोणास ऐकतां आलें असतें?

याच ॲक्रोसेफलस वंशांतील ब्लिथचा वटवट्या हिवाळ्यांत महाराष्ट्रांत येतो. कुंपणाच्या झुडपांत ‘चक् चक्’ असा त्याचा आवाज कानीं पडला, तर त्याच्या सेशेल्समधील आप्ताचीहि आठवण ठेवावी.