सान्तानाचा गोतावळा

‘ओये कोमो वा’ ऐकून झालं, आता याच ढंगाचं आणखी काय? ॲपला विचारलं तर ते फिरून सान्तानाच लावतं. त्यापेक्षा अल्बमच्या मागची बारीक अक्षरांतली नावं वाचावीत. कोंगा कोणी वाजवला, ट्रम्पेट कोणाचा, एवढं कळलं की पुढचा बँड आपोआप सापडतो.

मुळात हे गाणं न्यू यॉर्कच्या टिटो पुएन्तेंचं, चाचाचाच्या ठेक्यावरचं. सान्तानाने १९७०च्या ‘अब्राक्सास’मध्ये त्यात इलेक्ट्रिक गिटार आणि हॅमंड ऑर्गन आणला. ‘ब्लॅक मॅजिक वूमन’ही उसनंच: फ्लीटवुड मॅकच्या पीटर ग्रीनचं. त्याला पुढे जोडलेला तुकडा हंगेरियन गिटारवादक गाबोर साबोचा!

खरा चौरस्ता मात्र सान्तानाचा १९७१चा तिसरा अल्बम. ‘एव्हरीबडीज एव्हरीथिंग’मध्ये जी दणदणीत ब्रास वाजते ती ओकलंडच्या टॉवर ऑफ पॉवरची. ती आवडली तर थेट त्यांच्या फंककडे वळा. दुसरा गिटारवादक नील शॉन तेव्हा अवघा सतरा वर्षांचा. दोन वर्षांनी तो आणि सान्तानाचाच ऑर्गनवादक ग्रेग रोली यांनी जर्नी हा बँड काढला, पण तो रस्ता रॉककडे जातो. आपण इथूनच मागे फिरू.

याच अल्बमवर ट्रम्पेट लुईस गास्काचा. तो पुढच्याच वर्षी मालो या बँडच्या पहिल्या अल्बममध्ये भेटतो. मालोचा गिटारवादक होर्हे म्हणजे कार्लोस सान्तानाचा सख्खा भाऊ. त्यांचं ‘सुआवेसितो’ हे या सगळ्या घराण्यातलं सर्वांत गोड गाणं, असं माझं ठाम मत आहे. टिंबाल्स वाजवणाऱ्या रिचर्ड बीनने ते शाळेत बीजगणिताच्या तासाला एका मुलीसाठी कविता म्हणून लिहिलं होतं. १९९९मध्ये शुगर रेच्या ‘एव्हरी मॉर्निंग’मध्ये त्याचीच धून परत आली. बीनने पुढे सापो नावाचा बँड काढला. तोही ऐकाच.

सान्तानाच्या त्याच तिसऱ्या अल्बमवरचा तालवादक कोक एस्कोव्हेडो. त्याने भाऊ पीटसह १९७२मध्ये अझ्टेका उभा केला. बँड कसला, वरातच ती: मंचावर पंधरा-वीस माणसं! बेसवर पॉल जॅक्सन. तो पुढे हर्बी हँकॉकच्या ‘हेड हंटर्स’मध्ये गेला. पीटची मुलगी पंधराव्या वर्षी अझ्टेकाबरोबर वाजवू लागली. तीच पुढे प्रिन्सबरोबर गाजलेली शीला ई. आणि तिचे गॉडफादर कोण? टिटो पुएन्ते!

एक धागा मुंबईपर्यंतही येतो. सान्तानाच्या १९७४च्या ‘बोर्बोलेटा’वर ब्राझीलचे आयर्तो मोरेरा आणि फ्लोरा पुरिम आहेत. हे दोघं १९९१च्या ‘प्लॅनेट ड्रम’मध्ये आपल्या माहीमच्या झाकीर हुसेन यांच्यासोबत आहेत. वर्ल्ड म्युझिकचं पहिलंवहिलं ग्रॅमी याच अल्बमला मिळालं.

लॉस एंजेलिसचा वॉर हा बँड नात्यातला नाही, पण ढंग जवळचा. चाल संथ आणि त्यात डेन्मार्कच्या ली ऑस्करचा माउथऑर्गन. त्यांचा ‘द वर्ल्ड इज अ घेटो’ बिलबोर्डच्या हिशोबाने १९७३चा सर्वाधिक खपाचा अल्बम. जिमी हेंड्रिक्सने मृत्यूच्या दोन दिवस आधी लंडनमध्ये लोकांसमोर शेवटचं वाजवलं, ते याच मंडळींसोबत.

ईस्ट लॉस एंजेलिसच्या एल चिकानोचं ‘व्हिव्हा तिरादो’ म्हणजे मूळ एका बुलफायटरवर रचलेली जॅझची धून. ब्रुकलिनच्या मँड्रिलमध्ये पनामात जन्मलेले विल्सन बंधू. त्यांतला रिक चक्क डॉक्टर.

आणि लंडनचा सिमांडे! कॅरिबियनमधून आलेल्या मुलांचा हा बँड सत्तरच्या दशकात फुटला. हिपहॉपवाल्यांनी त्यांचे सॅम्पल घेत घेत त्यांना पुन्हा वर आणलं. त्यांचं ‘डव्ह’ जवळपास अकरा मिनिटांचं आहे. घाईत लावू नका. बेस आणि कोंगा यांची जोडी जमायला थोडा वेळ घेते, आणि जमली की गिटार तिच्यावरून सुटते ती सुटतेच.