भूतानला व्हिसा नाही, पण खर्च आहे!

मलकापूर-कराडकडच्या मंडळींचा पहिला परदेश बहुतेकदा नेपाळ नाहीतर भूतान. दोन्हीकडे आपल्याला व्हिसा लागत नाही. नेपाळचं काम सोपं, मतदार ओळखपत्र दाखवलं की झालं.

भूतानची गोष्ट वेगळी. तिथे परवाना काढावा लागतो आणि पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधारवर तिकडे भागत नाही! १८ वर्षांखालच्या पोरांचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला घ्या. शिवाय सप्टेंबर २०२२पासून भारतीयांना माणशी, दर रात्री १,२०० रुपये 'शाश्वत विकास शुल्क' आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. म्हणजे नवरा-बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि पाच रात्री: १५,००० रुपये. हॉटेल, जेवण, गाडी वेगळी. टूरवाल्याला विचारा, हे शुल्क पॅकेजमध्ये धरलंय का? बरेचदा ते खाली बारीक अक्षरात असतं.

व्हिसा लागतो तिथला खर्चही बघा: युरोपचा शेंगेन व्हिसा जून २०२४पासून मोठ्यांना ९० युरो. अर्ज नाकारला तरी ते पैसे परत मिळत नाहीत, कारण फी अर्ज तपासण्याची असते. त्यामुळे बँक स्टेटमेंट आणि ३०,००० युरोंचा प्रवास विमा आधी नीट जुळवा, मगच फी भरा.